संचिकामार्ग आणि देवनागरी नामलेखन

मढ हे ग्रामनाम जुन्नर तालुक्यात आहे, तसेच मुंबईत मालाडजवळही. त्यामुळे संकलित लोकगीतांच्या संचिकेस नुसते नाव पुरत नाही. मार्ग द्यावा लागतो. आज्ञापंक्तीवर तो लिनक्समध्ये ‘पुणे/जुन्नर/मढ’, तर विंडोजमध्ये परंपरेने ‘पुणे\जुन्नर\मढ’ असा लिहितात. कारण एमएस-डॉसमध्ये १९८३ साली उपसंचिकांची सोय झाली, तेव्हा ‘/’ हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच योजलेले होते.

हा भेद डोळ्यांस दिसतो. अक्षरभेद दिसत नाही. ‘दऱ्या’मधील रकार युनिकोडमध्ये ‘ऱ’ने साधतो, तसाच ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनीही. आज्ञा आकार नव्हे, संकेतक्रम ताडून पाहते. म्हणून असलेली संचिकाही सापडत नाही. मॅकची १९९८ची एचएफएस प्लस व्यवस्था तर ‘ऱ’चेही ‘र’ व नुक्ता असे विघटन करी. म्हणूनच पाठसंकलनापूर्वी संपादकाने नामलेखनाचा एकच संकेत निश्चित करावा. अन्यथा जतन केलेला पाठही अभ्यासकास हरवल्यासारखाच राहतो.