माप आणि वजन : शालेय पोषण आहारातील एक हिशेब

आपल्या खेड्यांतील घरांत धान्य मापाने काढण्याची चाल फार जुनी आहे. पूर्वी शेर मापाचाही असे व वजनाचाही असे. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. नाव एक, वस्तू दोन, यामुळे घोटाळा होई. १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने व मापे ठरली आणि १९५८ पासून ती व्यवहारात येऊ लागली. शेर गेला, परंतु ‘एक लिटर म्हणजे एक किलो’ हा नवा गैरसमज पुष्कळांच्या मनात रुजला. तो पाण्यापुरताच खरा आहे.

समजा, बोरी अरबसारख्या गावातील शाळेत प्राथमिक वर्गांची ६० मुले जेवावयास आहेत. इयत्ता १ ली ते ५ वीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. म्हणजे तांदूळ ६ किलो हवा. स्वयंपाकीणबाईंनी लिटरच्या मापाने सहा मापे घेतली आणि मापात ८०० ग्रॅम तांदूळ मावत असला, तर पातेल्यात ४ किलो ८०० ग्रॅमच पडतो. १२ मुलांचा वाटा कोठीतच राहिला! २५ दिवसांत ही तूट ३० किलो होते. मुले अर्धपोटी राहतात आणि नोंदवहीतील शिल्लक पोत्यांशी जुळत नाही. येथे कोणाची लबाडी नसते. असते ते केवळ अज्ञान.

असे का व्हावे? दाण्यांच्या फटींत हवा असते. मुरमुरे फुगलेले म्हणून अत्यंत हलके. बारीक मीठ मात्र त्याच मापात किलोहून अधिक भरते. पीठ सैल भरले तर अर्ध्या किलोच्या आसपास, ठोकून भरले तर त्याहून बरेच जास्त. म्हणून प्रत्येक जिन्नसाचा आकडा निराळा काढावा लागतो.

रीत सोपी आहे. शाळेत नेहमी वापरावयाचे एकच माप ठरवावे. तराजूवर रिकाम्या मापाचा धडा करावा. माप न ठोकता, न हलवता भरावे; शीग ठेवू नये, पट्टीने कडेबरोबर सपाट करावे. असे पाच वेळा तोलून सरासरी काढावी. नंतर हव्या असलेल्या वजनास त्या सरासरीने भागावे. वरील उदाहरणात ६००० ÷ ८०० = ७.५, म्हणजे साडेसात मापे तांदूळ. डाळ १२०० ग्रॅम हवी. तिच्यासाठी लहान माप घेऊन हीच रीत करावी. पीठ व तिखट मात्र तोलूनच घ्यावे.

निघालेले आकडे कोठीच्या भिंतीवर ठळक लिहावेत. नवे पोते फोडले की पुन्हा तोलून पाहावे, कारण दाण्याचा आकार व ओल बदलते.

हे काम चौथी-पाचवीच्या मुलांकडून करवून घ्यावे, अशी शिक्षकबंधुभगिनींना सूचना आहे. सरासरी, भागाकार व दशांश अपूर्णांक यांचा इतका जिवंत पाठ पुस्तकात सापडणार नाही. आणि हिशेब चोख झाला की त्याचे फळ मुलांच्या ताटात त्याच दिवशी दिसेल.