हद्दीपलीकडची एल: दिल्ली परिसरातल्या पबविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी दिल्ली-गुरुग्रामला गेलेल्या मंडळींच्या गप्पांत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘कनॉट प्लेसच्या एखाद्या मोठ्या पबात जाऊ, तिथे अस्सल इंग्लिश एल मिळते’. दुसरी त्याच्या उलट: ‘बिअर सगळ्या सारख्याच, फक्त नावं वेगळी’. दोन्ही ठाम सुरात सांगितल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. या भागात आपल्या ग्लासात काय पडणार, हे बनवणाऱ्याच्या हौसेइतकंच अबकारी खात्याच्या हद्दीवरही ठरतं. ती हद्द कुठून जाते आणि एल म्हणजे नेमकं काय, एवढं कळलं की निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. उरलेल्यांचा हा समाचार.

गैरसमज १: कनॉट प्लेसच्या पबात ‘रिअल एल’ मिळते.

वस्तुस्थिती: ‘रिअल एल’ ही ब्रिटनमध्ये नेमक्या अर्थानं वापरली जाणारी संज्ञा आहे. १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. तिथल्या बड्या ब्रुअऱ्या तेव्हा गाळलेली, वरून वायू भरलेली, एकसुरी बिअर सगळीकडे लादत होत्या आणि राग त्याचा होता. या चळवळीनं रूढ केलेली व्याख्या अशी: ज्या पिंपातून बिअर वाढली जाते, त्याच पिंपात तिचं शेवटचं आंबणं झालेलं असावं, त्यात जिवंत यीस्ट असावं आणि ती बाहेर काढताना वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब देऊ नये. म्हणून ती हातपंपानं ओढतात, नाहीतर पिंपाला तोटी लावून थेट ग्लासात सोडतात.

हे पिंप एकदा उघडलं की आत हवा शिरते आणि तीन-चार दिवसांत बिअर उतरू लागते. तळघराचं तापमान वर्षभर १२ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात हा संसार कोण मांडणार? कनॉट प्लेसच्या बारमध्ये मिळते ती बाटलीतली बिअर किंवा दाबाखालच्या केगमधून नळाला येणारी ड्राफ्ट बिअर. ती वाईट असते असं नाही, पण ती रिअल एल नव्हे.

रिअल एलच्या त्यातल्या त्यात जवळचं काही हवं असेल, तर मेट्रोच्या यलो लाइननं हरियाणात उतरावं लागतं. गुरुग्रामचं सेक्टर २९ आणि सायबर हब इथे जागेवरच बिअर बनवणारे ब्रूपब आहेत. काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या टाक्या उभ्या असतात आणि प्रत्येकीवर तापमानाचा आकडा लुकलुकत असतो. बहुतेक ठिकाणी ही बिअर पाश्चराइज केलेली नसते, अनेकदा बारीक गाळलेलीही नसते, म्हणजे यीस्ट काही प्रमाणात तिच्यात असतं. मात्र ती टाकीतून वायूच्या दाबानं आणि चांगली गार करूनच येते. कॅमराच्या व्याख्येत ती बसत नाही, तरी ताजेपणात बाटलीच्या कितीतरी पुढे असते.

गैरसमज २: साखळी पबात चांगली एल मिळूच शकत नाही.

वस्तुस्थिती: याला सणसणीत उत्तर ब्रिटनमध्येच आहे. टिम मार्टिन यांनी १९७९ साली उत्तर लंडनमधल्या मझवेल हिलला पहिला पब काढला आणि त्यातून ‘वेदरस्पून’ ही साखळी उभी राहिली. जुन्या बँका, चित्रपटगृहं, टपाल कचेऱ्या अशा भर शहरातल्या इमारतींत हे प्रशस्त पब चालतात. नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण परवडणाऱ्या दरात पिंपातली एल पिण्यासाठी तिथेच गर्दी होते.

कारण साधं आहे. उघडलेलं पिंप दोन दिवसांत संपलं, तर ग्राहकाला ताजी बिअर मिळते. आठवडाभर रेंगाळलं, तर मालक कितीही रसिक असो, ग्लासात आंबटपणा येणारच. म्हणजे मालकी कोणाची यापेक्षा खप किती, हे महत्त्वाचं.

हाच नियम दिल्ली परिसराला लावून पाहा. इथेही साखळ्या आहेतच. ‘द बिअर कॅफे’ची सुरुवात २०१२ साली गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमध्ये झाली आणि टेबलावर बसल्या बसल्या आपली बिअर आपणच ओतून घ्यायचे नळ हे तिचं आकर्षण होतं. ‘सोशल’चे अड्डे हौज खास, नेहरू प्लेस, कनॉट प्लेसच्या ओडियन इमारतीपर्यंत पसरले. अशा ठिकाणी शुक्रवारी रात्री केग भराभर रिकामे होतात. मंगळवारी दुपारी ओस पडलेल्या, पण ‘हटके’ म्हणून गाजलेल्या जागेपेक्षा तिथली ड्राफ्ट बिअर ताजी असण्याची शक्यता जास्त.

गैरसमज ३: दिल्ली काय, गुरुग्राम काय, सगळं एकच.

वस्तुस्थिती: मेट्रोच्या नकाशावर एकच, कायद्याच्या पुस्तकात अजिबात नाही. मद्य हा राज्यांचा विषय आहे. दिल्लीत २००९ च्या अबकारी कायद्यानुसार पिण्याचं किमान वय २५ आहे. हरियाणानं २०२१ च्या दुरुस्तीनं ते २५ वरून २१ वर आणलं. नोएडा-गाझियाबाद उत्तर प्रदेशात येतं, तिथेही २१. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ असा भेद आहे. त्यामुळे पुण्यात कायदेशीरपणे बिअर पिणारा २३ वर्षांचा पोरगा राजेंद्रनगरला यूपीएससीच्या क्लाससाठी गेला, की दिल्लीच्या बारमध्ये तो अल्पवयीन ठरतो. आधार कार्ड मागितलं तर वेटरवर चिडू नये, परवाना त्याच्या मालकाचा जाणार असतो.

उलट बाजूचा गोंधळही असतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याजवळ परवाना असणं अपेक्षित आहे आणि आपली ‘परमिट रूम’ त्यातूनच आली. दिल्ली किंवा हरियाणात पिणाऱ्याला असा परवाना लागत नाही. ड्राय डेची यादीही प्रत्येक राज्याची वेगळी, त्यामुळे दिल्लीत बंद म्हणजे गुरुग्राममध्ये बंद असेलच असं नाही.

नियम किती उलथापालथ करतात, याचा धडा २०१७ नं दिला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश १ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि दिल्ली-जयपूर महामार्गाला खेटून वाढलेल्या गुरुग्रामच्या पबसंस्कृतीचं धाबं दणाणलं. महापालिका हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश आडवा येत नाही, असा खुलासा त्याच वर्षी जुलैत झाला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

गैरसमज ४: एल म्हणजे काळी, कडवट आणि जहाल.

वस्तुस्थिती: एल आणि लागर यांतला फरक रंगाचा नाही, यीस्टचा आणि तापमानाचा आहे. सुरुवात दोन्हींची सारखीच. मोड आणून वाळवलेलं सातू, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. पिष्टाची साखर होते, ते गोड पाणी हॉप्सची कडवट फुलं घालून उकळतात आणि गार करून यीस्ट सोडतात. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांना काम करतं आणि आठवड्याभरात आंबवणं उरकतं. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांच्या थंडाव्यात सावकाश चालतं आणि नंतर आणखी काही आठवडे थंड मुरावं लागतं.

ब्रूपबच्या यादीत व्हीट बिअर आणि एलचीच गर्दी का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. टाक्या मोजक्याच. लागरला अडकवलेल्या एका टाकीत तेवढ्या वेळात एलचे दोन-तीन घाणे निघतात.

आणि ही व्हीट बिअरसुद्धा एलच्या कुळातलीच. धने आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेली बेल्जियन पद्धतीची फिकट ‘विट’ पिणारा माणूस ‘मला एल आवडत नाही’ म्हणतो, तेव्हा तो नकळत एलच पीत असतो. काळीकुट्ट गिनेस जेमतेम ४.२ टक्क्यांची, तर दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी पिवळीधमक भारतीय लागर ८ टक्क्यांपर्यंत जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत ५ टक्क्यांच्या वरची बिअर ‘स्ट्राँग’ धरली जाते. रंगावरून नशेचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

गैरसमज ५: गढूळ बिअर खराब असते आणि फेस म्हणजे मापात पाप.

वस्तुस्थिती: गव्हातली प्रथिनं आणि तरंगणारं यीस्ट यांमुळे व्हीट बिअर गढूळच असायला हवी. काचेसारखी नितळ आली तर उलट शंका घ्यावी. बिघाड ओळखायचा तो नाकानं. व्हिनेगरसारखा आंबूस, लोण्यासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बिनदिक्कत ग्लास परत करावा. पुष्कळदा दोष बिअरचा नसतो, नळामागची नळी नियमित न धुतल्याचा असतो.

बोटभर फेस सुगंध धरून ठेवतो. मापाची खरी गफलत ‘पाइंट’मध्ये आहे. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, आपल्याकडे दुकानात ‘पाइंट’ म्हणजे ३३० मिलिलिटरची छोटी बाटली आणि बारमधला ग्लास जागेगणिक वेगळा. मागवण्याआधी मिलिलिटर विचारावेत.

गैरसमज ६: इंग्रज कोमट बिअर पितात, आपली बर्फासारखी गारच बरी.

वस्तुस्थिती: रिअल एल कोमट नसते, ११ ते १३ अंशांची, म्हणजे गारच असते. फ्रीजमधून काढलेली लागर साधारण ४ अंशांची, म्हणून तुलनेत ती कोमट वाटते. अति थंडाव्यानं जीभ बधिर होते आणि वासही दबतो. फिकट लागरचं त्यात फार बिघडत नाही, एलचं मात्र सगळंच जातं. तेव्हा बर्फ साचलेला ग्लास नको म्हणून सांगावं आणि आलेली एल दहा मिनिटं तशीच ठेवून मग चाखावी.

गैरसमज ७: इंडिया पेल एल भारतात तयार झाली, गोऱ्या सोल्जरांसाठी.

वस्तुस्थिती: ‘आयपीए’ भारतात बनत नव्हती, भारताकडे पाठवली जात होती. आधी लंडनच्या जॉर्ज हॉजसनच्या बो ब्रुअरीतून, १८२० च्या दशकापासून बर्टन गावच्या ब्रुअऱ्यांतून. ती पिणारे मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी. साधे शिपाई काळी पोर्टर रिचवत आणि तीही गलबतांतून व्यवस्थित पोहोचत असे. त्यामुळे ‘प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम जहाल बनवलेली बिअर’ ही कथा अर्धीमुर्धीच खरी. हॉप्स भरपूर असत, पण त्या काळाच्या मानानं ती फार कडक नव्हती.

भारतातलं बिअर बनवणं वाढलं ते हिमालयाच्या थंडाव्यात. एडवर्ड डायरनं कसौलीला ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा रेजिनाल्ड डायर हा त्याचाच मुलगा. पुढे झालेली डायर मीकिन ही कंपनी १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांनी घेतली आणि कालांतरानं ती मोहन मीकिन झाली. गाझियाबादचं मोहननगर त्यांच्याच नावाचं. रेड लाइनवर त्या नावाचं स्टेशन लागतं, तेव्हा आपण बिअरच्या इतिहासातूनच जात असतो.

गैरसमज ८: भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात.

वस्तुस्थिती: यासाठी एक ‘प्रयोग’ दाखवला जातो. बाटली पाण्यानं भरलेल्या ग्लासात उलटी धरायची, तोंडातून जाडसर धारा खाली उतरताना दिसतात, ‘बघ, ग्लिसरीन निघालं!’ प्रत्यक्षात खाली उतरते ती बिअरच. तिच्यात न आंबलेली साखर आणि इतर द्रव्यं विरघळलेली असल्यानं ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. आंबताना यीस्ट थोडं ग्लिसरॉल स्वतःच तयार करतं, ते जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये असतं आणि असं उलटं धरून निघत नाही. हाती उरते फक्त पाणचट बिअर.

गैरसमज ९: बिअरनं मुतखडा पडतो.

वस्तुस्थिती: बिअरनं लघवी जास्त होते, एवढंच खरं. खडा विरघळत नाही. उलट शरीरातलं पाणी कमी होतं आणि युरिक ॲसिड वाढतं, म्हणजे काही प्रकारच्या खड्यांना खतपाणीच. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. चवीसाठी प्यावी तर चवीपुरती, औषध म्हणून नाही.

गैरसमज १०: बिलातला प्रत्येक आकडा सरकारी, आणि दोन बिअरवर गाडी चालते.

वस्तुस्थिती: बिल नीट वाचा. खाण्यावर जीएसटी असतो. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट वेगळ्या ओळीत येतो. ‘सर्व्हिस चार्ज’ हा मात्र कर नव्हे. तो सक्तीनं लावता येणार नाही, ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. सेवा आवडली तर टीप द्या, किती ते तुम्ही ठरवा.

गाडीचं गणित त्याहून सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल हा गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही मर्यादा दोन ग्लासांत सहज ओलांडली जाते. सेक्टर २९ साठी इफ्को चौक स्टेशन आहे, सायबर हबला सिकंदरपूरहून रॅपिड मेट्रो जाते. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही, तरी टेबलावर बसल्यावर एक प्रश्न पुरतो: ‘ही बिअर इथेच बनलीय का, आणि टाकी किंवा केग कधी लावला?’ नेमकं उत्तर आलं तर खुशाल मागवा. ‘सर, एकदम फ्रेश है’ एवढंच आलं, तर फ्रेश लाइम सोडा काय वाईट!