कपाटामागचा राउटर
घरातलं इंटरनेट : लेखांक ५

फायबरची तार खांबावरून इमारतीच्या डक्टमध्ये आणि तिथून घरात कशी येते, ते मागच्या लेखांकात आलं. बहुतेक फ्लॅटमध्ये ती मुख्य दाराच्या चौकटीजवळून आत शिरते. जोडणीला आलेला मुलगा सर्वांत जवळचा प्लग शोधतो, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे राउटर ठेवतो, मोबाइलवर एकदा वेग दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. राउटरची जागा अशी तारेच्या सोयीनं ठरते. मग आतल्या खोलीत मुलीचा ऑनलाइन क्लास अडकू लागला की वडील १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतात. तक्रार मात्र तशीच राहते.

पैसे वाढवण्याआधी एक तपासणी करावी. लॅपटॉप लॅन केबलनं थेट राउटरला जोडून वेग मोजायचा, मग तोच लॅपटॉप आतल्या खोलीत वायफायवर. पहिला आकडा पूर्ण आणि दुसरा तुटपुंजा असेल, तर दोष कंपनीकडून येणाऱ्या तारेत नाही, घरातल्या हवेत आणि भिंतींत आहे. केबलवर वेग ९०-९५ च्या पुढे सरकतच नसेल, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट जुन्या १०० एमबीपीएसच्या पद्धतीचं असू शकतं; किंवा केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते. गिगाबिट वेगाला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. अशा पोर्टवर ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं.

आता भिंती. साध्या विटांच्या भिंतीतून वायफाय बऱ्यापैकी जातं, आरसीसीच्या कॉलममधून आणि स्लॅबमधून कष्टानं जातं, लोखंडी कपाटातून जवळपास जातच नाही. मोठा आरसाही अडथळाच, कारण त्याच्या मागच्या बाजूला धातूचा मुलामा असतो. पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे माशांची टाकी राउटरशेजारी नसावी. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जाड भिंतींची घरं आहेत. तिथे ओटीवरचा राउटर माजघर ओलांडून मागच्या पडवीपर्यंत पोहोचेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. फ्लॅटमध्ये मात्र उपाय स्वस्त आहे. लॅन केबलचा लांब तुकडा घ्यावा, राउटर घराच्या मध्याजवळ, पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर उघड्यावर ठेवावा. काडीसारखे अँटेना असतील तर ते उभे असावेत: लहरी काडीच्या टोकाकडे कमी आणि तिच्या चहूबाजूंना जास्त पसरतात.

जागेनंतर प्रश्न येतो पट्ट्याचा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ती भिंतीपलीकडे बरी टिकते. पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यातच शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन. ५ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण निम्म्या लांबीची, लवकर थकणारी, पण तिला मोकळी जागा भरपूर आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्‌झचा भाग परवान्याविना वापरासाठी खुला झाला. म्हणून टीव्ही, लॅपटॉप आणि राउटरच्याच खोलीतले फोन ५ वर, आणि लांबच्या खोलीतली उपकरणं २.४ वर, ही वाटणी बहुतेक घरांना मानवते. २.४ वर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवावी. दाट वस्तीत ४० केल्यानं शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. ५ चे काही चॅनेल हवामानाच्या रडारांसाठीही वापरले जातात, त्यामुळे राउटरला आधी किमान मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो. बंद करून चालू केल्यावर ५ चं नाव उशिरा दिसलं, तर घाबरू नये.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे वेळेची. एका चॅनेलवर एका वेळी साधारण एकच उपकरण बोलतं. कोपऱ्यातल्या खोलीतला जुना, क्षीण सिग्नलचा फोन व्हिडिओ बघत असेल, तर तेवढ्याच माहितीसाठी तो कितीतरी जास्त वेळ अडवतो आणि त्याच चॅनेलवरचा राउटरशेजारचा नवा लॅपटॉपही ताटकळतो. एका खोलीतला खराब सिग्नल सगळ्या घराला भोवतो तो असा. म्हणूनच टीव्ही आणि डेस्कटॉपसारखी जागेवरून न हलणारी उपकरणं केबलवर नेणं हा या लेखांकातला सर्वांत फायद्याचा सल्ला आहे. त्यानं हवा बाकीच्यांसाठी मोकळी होते.

एक सेटिंग जरूर पाहावी. सुरक्षेच्या पानावर जुना टीकेआयपी निवडलेला असेल, तर वायफायचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, नंतरच्या मानकांनी तसा नियमच केला आहे. डब्ल्यूपीए२ सोबत एईएस, किंवा शक्य असेल तर डब्ल्यूपीए३ निवडावं. राउटरच्या पानाचा पत्ता आणि मूळ पासवर्ड त्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो. तो मूळ पासवर्ड त्याच बैठकीत बदलून टाकावा.

दुमजली घरं, बंगले आणि जांभ्याचे वाडे यांचं एका राउटरवर भागत नाही. बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. पुढच्या लेखांकात मेश यंत्रणा आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट यांचा हिशेब पाहायचा आहे. वाचकांनी तोवर प्रत्येक खोलीतला वेग, राउटरची जागा बदलण्याआधीचा आणि नंतरचा, कागदावर लिहून ठेवावा. पुढचा हिशेब त्याच आकड्यांवरून मांडता येईल.