गॅरेजचं बिल वाचता येतं का तुम्हाला?

सकाळी गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सांगितलं होतं, "चार-पाच हजारांत होऊन जाईल." संध्याकाळी हातात आलं ते अकरा हजारांचं बिल. त्यात पंचवीस ओळी, त्यातल्या निम्म्या डोक्यावरून जाणाऱ्या. घरी जायची घाई, म्हणून आपण मुकाट्याने पैसे भरतो आणि महिन्याचं बजेट कोलमडतं. हे टाळायचं असेल तर बिलाचे तीन भाग वेगळे करून पाहा : मजुरी, पार्ट्स आणि कर.

मजुरी कशावर ठरते?

मजुरी पार्टच्या किमतीवर नाही, तर कामाला लागणाऱ्या वेळावर ठरते. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती बदलायला अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागतो. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अशा कामांना जास्त मजुरी लागणारच. म्हणूनच क्लच प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तपासून घ्या. झिजली असतील तर तेव्हाच बदला, नाहीतर तीच मजुरी पुन्हा भरावी लागेल.

याउलट वायपर ब्लेड किंवा एसीचा केबिन फिल्टर बदलणं बहुतेक गाड्यांत काही मिनिटांचं काम. त्यासाठी वेगळी मजुरी लावली असेल तर जरूर विचारा. आणि लक्षात ठेवा, 'फ्री सर्व्हिस'मध्ये मजुरी फ्री असते, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावे लागतात.

पार्ट कोणता बसवला?

कार कंपनीच्या डब्यातला पार्ट सर्वांत महाग. तो बनवणारा कारखाना अनेकदा तसाच पार्ट स्वतःच्या नावाने बाजारात थोडा स्वस्त विकतो. तिसरा प्रकार डुप्लिकेट. ब्रेक पॅड आणि स्टिअरिंगच्या पार्ट्समध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे.

कर नीट तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच पार्ट्सवर २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्केच लागतो. डब्यावरच्या एमआरपीत कर धरलेला असतो. त्यामुळे पार्टची किंमत आणि त्यावरचा कर मिळून एमआरपीच्या वर जाता कामा नये.

गाडी देण्यापूर्वी

* पार्ट्स आणि मजुरी वेगळी दाखवणारं एस्टिमेट लेखी घ्या.
* 'मला विचारल्याशिवाय जादा काम करू नये' असं जॉब कार्डवर लिहा.
* नवीन काम निघालं तर त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.
* इंजिन फ्लशिंग, एसी क्लीनिंग अशी कामं सुचवली तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती सांगितली आहेत का, ते पाहा.
* बदललेले जुने पार्ट्स आणि नव्यांचे डबे डिकीत ठेवायला सांगा.
* पक्कं बिल घ्या. ते नसेल तर वॉरंटी मागायला किंवा तक्रार करायला पुरावा राहत नाही.

विचारूनही समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. "या ओळीत नेमकं काय काम केलंत?" एवढं शांतपणे विचारलं तरी बिल पुन्हा तपासलं जातं. भाजी घेताना आपण भाव विचारतोच ना? मग गॅरेजमध्ये संकोच कशाला?