‘साहेबांना चालेल का?’

आमचं रेवदंडा अलिबाग तालुक्यात. त्यामुळे ‘अलिबागहून आलायस काय?’ हा प्रश्न आम्हाला वारसाहक्काने मिळतो. सिनेमात नाहीतर स्किटमध्ये बावळट माणूस हवा असला, की लेखकाची लेखणी लाँच पकडून थेट मांडव्याला उतरते. २०१९ साली तालुक्यातल्या एका गृहस्थांनी या वाक्यावर बंदी आणावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, त्यात अपमान मानून घेऊ नका, असा निकालाचा आशय होता. मला तो पटला. आमच्या आळीतही बहुतेकांना पटला. फक्त एका म्हाताऱ्याने सुपारी कातरता कातरता विचारलं, “मंग ह्यो नियम मंत्र्यांना पन लागू हाय का?”

उत्तर दोन वर्षांत मिळालं. २०२१च्या दिवाळीत ‘चला हवा येऊ द्या’च्या खास भागात तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्यासारखी दिसणारी व्यक्तिरेखा आली. समर्थक संतापले आणि कार्यक्रमाचे सूत्रसंचालक निलेश साबळे यांनी राण्यांना भेटून दिलगिरी व्यक्त केली. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद मी इथे घालत नाही. मला दिसतो तो उतार. आमच्यावरचा विनोद वरून खाली सुटतो, त्याला कुणी अडवत नाही. खालून वर चढवायचा म्हटलं की त्याला धाप लागते. ही धाप कुठे लागते ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हा लेख.

काही वर्षं मी एका वाहिनीसाठी स्किटं लिहिली. वाहिनीचं नाव सांगत नाही. आठवड्याला दोन भाग, भागात तीन-चार स्किटं. सोमवारी विषय एका ओळीत सांगायचा, मंगळवारी खर्डा, बुधवारी वाचन. टेबलाभोवती नट, दिग्दर्शक आणि वाहिनीच्या ‘क्रिएटिव्ह’ची दोन माणसं. चहा देणारा मुलगा जिथे हसेल तिथे मी पेन्सिलीने टिंब द्यायचो. त्याच्याइतका प्रामाणिक परीक्षक मला पुढे कुठल्याही स्पर्धेत भेटला नाही. मग उभ्याने तालीम, गेटअप, विग आणि शनिवारी फ्लोअर. एका दिवसात दोन भाग उरकायचे असल्यामुळे रात्री साडेअकराला समोर बसलेल्या प्रेक्षकांचे डोळे मिटायला लागत. सकाळी ताजेतवाने असताना टिपलेले त्यांचे हसरे चेहरे संकलनात रात्रीच्या पंचमागे चिकटवले जात. विनोद फुकट गेला तरी हशा फुकट जात नसे.

माझं एक स्किट खांडीवर होतं. खारभूमीचा बांध उधाणाच्या भरतीत फुटतो त्याला आमच्याकडे खांड पडली म्हणतात. खारं पाणी शेतात शिरलं की भाताची काही वर्षं वाट लागते. मग पाहणी दौरा येतो. माझ्या स्किटमध्ये पालकमंत्री पाहणीला येतात, त्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावर गालिचा अंथरला जातो, आणि गालिच्याचं बिल बांधाच्या दुरुस्तीपेक्षा जास्त होतं.

वाचनाला सगळे हसले. हसून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, “पालकमंत्री नको, आमदार कर.” केला. दुसऱ्या दिवशी फोन आला, “निवडणूक जवळ आलीय, सरपंच चालेल का?” सरपंच केला. सरपंचांची संघटना असते हे लीगलला आठवलं. ग्रामसेवक केला. ग्रामसेवकांचीही संघटना असते. शनिवारी फ्लोअरवर पोहोचेपर्यंत तो गावचा दारुडा झाला होता आणि बांधावर न जाता घरातच बायकोशी भांडत होता. बांध गेला, खांड गेली. गालिचा मात्र राहिला, कारण कलाविभागाने तो आधीच भाड्याने आणला होता. बायकोने तो लुगड्यासारखा नेसला, प्रचंड हशा झाला आणि मला वेळेवर मानधन मिळालं.

त्या चार दिवसांत कुणीही ‘हे लिहू नकोस’ म्हणालं नाही. प्रत्येकाने फक्त विचारलं, “साहेबांना चालेल का?” कुठले साहेब, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ही भीती अगदीच हवेतली नाही. १९९४च्या केबल टेलिव्हिजन नियमांतला सहावा नियम कार्यक्रम-संहितेचा आहे. त्यात कुणा व्यक्तीवर टीका करणारा, तिची बदनामी करणारा कार्यक्रम दाखवू नये, असं कलम आहे. बदनामीचं समजू शकतो. पण टीकाही नको, म्हणजे राजकीय विनोदाची अर्धी पुंजी जप्त. आणि कागदाबाहेरचा नियम याहून कडक. २३ मार्च २०२५ला विनोदकार कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विनोदानंतर, त्यांचा कार्यक्रम जिथे झाला तो मुंबईतल्या खारमधला स्टुडिओ फोडला गेला. विनोद एकाचा, खुर्च्या दुसऱ्याच्या. वाहिनीवाल्यांना हे गणित पटकन समजतं.

सरकारी पडद्यावरही वेगळं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. आमच्या लहानपणी माडाला बांबू बांधून त्यावर अँटेना चढवायचा आणि वरळीच्या दिशेने फिरवत बसायचं. खालून आई ओरडायची, “आलं, आलं, गेलं!” ‘गजरा’ हा करमणुकीचा कार्यक्रम लागला की अख्खी आळी आमच्या पडवीत. विनय आपटे यांच्यासारखे निर्माते तिथे कमी पैशात नेमकं काम करत. पण दूरदर्शनलाही लागू असलेल्या आकाशवाणीच्या संहितेत राजकीय पक्षाचं नाव घेऊन हल्ला करायला मनाई होती, त्यामुळे चिमटे काढायचे ते महागाईला, रेशनला, लोकलच्या गर्दीला. हिंदीत मनोहर श्याम जोशी यांच्या ‘नेताजी कहिन’वरून १९८८ साली मालिका आली. बासू चॅटर्जींचं दिग्दर्शन, ओम पुरींचं काम. पडद्यावर मात्र तिचं नाव ‘कक्काजी कहिन’ झालं. नेताजींचे कक्काजी होणं आणि माझ्या पालकमंत्र्याचा दारुडा होणं ही एकाच जातीची घसरण.

मग नाव न घेता लिहिता येत नाही का? येतं, आणि माझ्या मते तेच जास्त झोंबतं. ‘येस मिनिस्टर’ बीबीसीवर १९८० साली आली. अँटनी जे आणि जोनाथन लिन या लेखकांनी जिम हॅकर या मंत्र्याचा पक्ष कधी सांगितलाच नाही. चेहऱ्याच्या नकला नाहीत, विग नाहीत. सरकारी यंत्रणेत मुरलेल्या माणसांना गाठून त्यांनी आतल्या गोष्टी काढल्या आणि फाइल कशी अडकते, समिती कशाला नेमतात, हे दाखवलं. आपल्याकडे २००१ साली ‘जी मंत्रीजी’ नावाने फारूख शेख आणि जयंत कृपलानी यांनी तिचा हिंदी अवतार केला. नट उत्तम, पण मला तो परक्याचा कोट वाटला. गंमत पुढेच आहे. जानेवारी १९८४मध्ये खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी त्या मालिकेतल्या नटांसोबत एक छोटा प्रवेश करून दाखवला. सत्ता विनोदावर बंदी घालू शकली नाही की त्याला मांडीवर घेते. आपल्याकडचे नेतेही आपली नक्कल बघून टाळ्या वाजवतात, त्यात फार वेगळं काही नाही. हातवारे, हेल, शर्टाची बाही यांची नक्कल म्हणजे फुकटची जाहिरात. राजकीय विडंबनाला माणसाने काय केलं ते धरावं लागतं, तो कसा बोलतो ते नव्हे.

हे आपल्याला इंग्रजांकडून शिकायचं कारण नव्हतं. तमाशातल्या वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो आणि कुणालाच आडनाव नसतं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे यांचं ‘पुढारी पाहिजे’ गावोगाव नेलं. त्याच कलापथकातून निळू फुले आणि दादा कोंडके आले. वसंत सबनीस यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५चं. कोतवालाची रिकामी जागा कुणाला मिळणार, एवढंच त्यातलं राजकारण. पण सकाळचं वर्तमानपत्र वाचून दादा कोंडके रात्री त्यात नवी भर घालत. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. बतावणी मात्र रंगमंचावर त्याच रात्री जन्मते.

टीव्हीला हे नेमकं जमत नाही, आणि याचा दोष साहेबांना देता येणार नाही. भाग आधी चित्रित करून ठेवावे लागतात, त्याला ‘बँक’ म्हणतात. २३ नोव्हेंबर २०१९ला भल्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. तीन दिवसांनी राजीनामे आले आणि २८ तारखेला उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली. त्या आठवड्यात माझी तीन स्किटं शिळी झाली. एकात नायिका म्हणत होती, “आता तरी सरकार नक्की!” ते वाक्य आम्ही दोनदा कापलं. शेवटी ‘सरकार’च्या जागी ‘लग्न’ घातलं.

टीव्हीवर नाव न घेता नेमकं बोट ठेवणारा अपवाद मला एकच ठळक दिसतो. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्रं वाचत, ती अरविंद जगताप लिहीत. विग नाही, पंच नाही, एक माणूस आणि एक कागद. तिथे शेतकरी, शाळा, रिकामी होणारी गावं सरळ येत आणि कुणाचंही नाव न घेता ऐकणाऱ्याला पत्ता कळत असे. दहा वर्षांच्या त्या कार्यक्रमातला खरा राजकीय मजकूर त्या पत्रांत होता, त्यातल्या काल्पनिक थुकरटवाडीच्या पारावर नव्हे.

चौलच्या दत्ताची यात्रा भरली की आमच्या आळीतलं मंडळ वग बसवत असे. माझे काका प्रधान व्हायचे. एका वर्षी राजाने विचारलं, “प्रधानजी, रस्ता कुठवर आला?” काका म्हणाले, “महाराज, फोटोपुरता.” पहिल्या रांगेत बसलेल्या गावपुढाऱ्यांनी पोट धरून हसून पाच रुपये बक्षीस दिलं, आणि पुढच्या वर्षी वर्गणी दिली नाही. मंडळ तरीही उभं राहिलं, कारण वर्गणीदार चारशे होते आणि साहेब एक. टीव्हीवर ते प्रमाण उलटं आहे.

काकांची वही निसर्ग वादळात, ३ जून २०२०ला, घरावरच्या कौलांबरोबर गेली. तिच्यातली मला ही दोनच वाक्यं आठवतात. चौल, रेवदंडा, नागाव, मुरूड या भागात कुणाच्या माळ्यावर वगाच्या, कलापथकाच्या, यात्रेतल्या नाटकांच्या वह्या असतील, तर वाळवीच्या आधी त्यांची झेरॉक्स काढा आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ वही पाठवलीत तर ती परत मिळेल.