पेठ तालुक्यातील घरची बाळंतपणे : प्रसूतिसाहित्य व औषधे यांची साठवण आणि वाहतूक

पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील आदिवासीबहुल तालुका होय. नाशिकहून सावळघाटामार्गे येणारा रस्ता पेठवरून पुढे गुजरातेतील धरमपूरकडे जातो. हा रस्ता सोडला की कोकणा, महादेव कोळी व वारली समाजांचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले दिसतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ओहोळ भरले की बाळंतिणीला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, हा या भागाचा परिचित अनुभव आहे. प्रसूती रुग्णालयातच व्हावी हे शासनाचे धोरण योग्यच आहे. २००५ मधील जननी सुरक्षा योजना व २०१४ पासूनची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ही त्याच दिशेची पावले होत. तथापि काही बाळंतपणे घरी, तर काही वाटेतच होतात. अशा प्रसंगी आरोग्यसेविकेच्या पिशवीतील औषध कोणत्या अवस्थेत तेथे पोहोचले, यावर बाळंतिणीचा जीव अवलंबून असू शकतो. प्रस्तुत लेखात याच दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो टाळण्यासाठी मूल जन्मताच ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दंडात किंवा मांडीत दिले जाते. हे औषध उष्णतेने हळूहळू निकामी होते. मात्र द्रव पूर्वीसारखाच स्वच्छ दिसतो. पोलिओच्या लसीच्या कुपीवर उष्णता दाखवणारी खूण असते. ऑक्सिटोसिनच्या साध्या ॲम्प्यूलवर तशी कोणतीही खूण नसते. त्यामुळे इंजेक्शन देऊनही रक्त थांबले नाही तर दोष बाईच्या अशक्तपणाला दिला जातो आणि औषधाविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. काही उत्पादकांच्या वेष्टनावर सामान्य तापमानात ठेवण्याची सूचना असल्याने गोंधळ आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी यांनी २०१९ मध्ये संयुक्त निवेदन काढून ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावे व त्यासाठी लसीकरणाच्या शीतसाखळीचा उपयोग करावा, असे सुचवले.

सूचना सरळ असली तरी तिची अंमलबजावणी सरळ नाही. लसीकरणाचा दिवस आधी ठरलेला असतो. त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून आइसपॅक घालून व्हॅक्सिन कॅरियर निघतो आणि संध्याकाळी परततो. बाळंतपणाला असा दिवस नसतो. उपकेंद्रात सहसा शीतसाखळीची उपकरणे नसतात, म्हणून ॲम्प्यूल कपाटात पडून राहतात. यावर व्यवहार्य मार्ग असा की, उपकेंद्रात मोठा साठा ठेवू नये. प्रसूतीची अपेक्षित तारीख जवळ आलेल्या स्त्रियांची पाडानिहाय यादी करून मोजक्याच ॲम्प्यूल न्याव्यात व त्या नेल्याची तारीख खोक्यावर लिहावी. आइसपॅक थेट गोठणपेटीतून काढून ॲम्प्यूलजवळ ठेवू नये, कारण ऑक्सिटोसिन गोठणेही अनिष्ट आहे. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच तो कॅरियरमध्ये घालावा. मेथिलअर्गोमेट्रिनला उष्णतेबरोबर प्रकाशाचेही वावडे असल्याने ते मूळ खोक्यातच ठेवणे इष्ट.

मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची प्रकृती याहून वेगळी आहे. त्यांना शीतकपाट लागत नाही. पण दमट हवेने त्यांचा गुण जातो. या गोळ्यांच्या उपयुक्ततेचा एक महत्त्वाचा पुरावा मराठी माणसाला जवळच्या अशा बेळगाव जिल्ह्यातून आला. तेथील ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहायक परिचारिकांनी ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल दिल्यावर अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. केंद्र शासनाने २०१३ मध्ये, घरच्या प्रसूती अधिक असलेल्या भागांत या गोळ्या गावपातळीवर देण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या.

या गोळ्या दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत येतात आणि ती पट्टी हेच त्यांचे खरे भांडार आहे. तीन गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देणे सोयीचे वाटते. परंतु पेठच्या आषाढात अशा पुडीतील गोळी काही दिवसांतच मऊ पडेल. पट्टी कापताना कप्प्याची कड फाटू नये, एवढी साधी काळजीही पुरेशी मोलाची आहे. गोळी मूल जन्मल्यानंतर व पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करूनच द्यायची असते. प्रसूतीपूर्वी दिल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका संभवतो. म्हणून हा साठा कुलुपात असावा व प्रत्येक पट्टीची नोंद व्हावी.

येथे घरातील साठवणीच्या पद्धतीचा विचार करणे आवश्यक ठरते. पावसाळ्यात जे कोरडे राहायला हवे ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याची रीत आहे. नागलीच्या बियाण्याला ती उत्तम. औषधाला मात्र धूर व ऊब दोन्ही बाधक. सुईणीला किंवा घरच्यांना नुसते ‘कोरड्या जागी ठेवा’ असे सांगितले, तर ते आपल्या परंपरेनुसार चूलच निवडतील, आणि त्यात त्यांचे काहीही चुकले असे म्हणता येणार नाही. सांगायचे ते नेमके सांगावे : झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर, कुडाच्या भिंतीला न टेकता, मुलांच्या हाती लागणार नाही असे.

नाळ कापण्याचे पाते, नाळ बांधण्याचा दोरा, हातमोजे व स्वच्छ कापड यांच्या बाबतीत ओलावा हाच मुख्य शत्रू होय. निर्जंतुक केलेले पुडके एकदा भिजले की ते पुन्हा वाळवले तरी निर्जंतुक राहत नाही, कारण ओल्या वेष्टनातून जंतू आत शिरतात. त्यामुळे ओहोळ ओलांडताना भिजलेले पुडके ‘वरूनच ओले आहे’ म्हणून वापरणे म्हणजे घरातला विळा वापरण्यासारखेच ठरेल. प्रत्येक पुडके जाड प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत घालून तोंड दुमडून बांधावे. एक पिशवी फाटली तरी उरलेले साहित्य बचावते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीसाठी प्रशिक्षित केले. त्यांच्याकडे जेंटामायसिनचे इंजेक्शनही होते. नवजात मृत्यूंमध्ये झालेली लक्षणीय घट १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. या प्रयोगाची चर्चा प्रायः इंजेक्शन कोणी द्यावे या मुद्द्यावर झाली. साठवणीच्या दृष्टीने पाहता जेंटामायसिनला शीतसाखळी लागत नाही, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही. जे औषध पिशवीत टिकते तेच गावात टिकते. ३० अंश तापमानालाही टिकणाऱ्या कार्बेटोसिनचा बहुराष्ट्रीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारताचाही समावेश होता. पेठसारख्या तालुक्यात असे औषध नियमित मिळाले तर निम्मा प्रश्न सुटेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परतीच्या प्रवासाकडे सहसा कोणी पाहत नाही. वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा घट्ट डब्यातून केंद्रात परत यायला हव्यात. न वापरलेली ऑक्सिटोसिनची ॲम्प्यूल कॅरियरमध्ये थंड राहिली असेल, तरच ती पुन्हा शीतकपाटात ठेवावी, तिच्यावर खूण करावी व पुढच्या वेळी तीच आधी वापरावी. आइसपॅक पूर्ण वितळून कॅरियर गरम झालेला असल्यास ती ॲम्प्यूल नोंद करून बाद करावी. बाद केलेल्या औषधाबद्दल आरोग्यसेविकेकडे खुलासा मागण्याची कार्यालयीन सवय असेल, तर ती ॲम्प्यूल बाद होणार नाही. पुढच्या पाड्यावर जाईल.