माहिती शाबूत, पण संगणक बंद!

कार्यालयातील संगणकात दोन हार्ड डिस्क बसवून प्रत्येक नोंद दोहोंवर एकाच वेळी उतरविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. एक डिस्क निकामी झाली, तरी दुसरीवर सर्व काही शिल्लक राहावे, हा त्यामागील हेतू होय. तथापि लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या अशा संगणकाची पहिली डिस्क बंद पडली, की पुष्कळदा तो सुरूच होत नाही. पडदा काळा पाहून दप्तर गेले असा समज होतो, घाईने प्रणाली नव्याने बसविली जाते आणि जे शाबूत होते तेही पुसले जाते. खरी हानी होते ती येथे.

संगणकाला वीज मिळताच प्रथम ‘ग्रब’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम वाचला जातो व तो प्रणालीला जागे करतो. जुन्या धाटणीच्या यंत्रांत त्याचा आरंभ डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये असतो. जुळ्या नोंदींची व्यवस्था मात्र बहुधा डिस्कवरील पार्टिशनांपुरतीच असते; हा आरंभीचा भाग तिच्या कक्षेत येत नाही. ग्रब केवळ पहिल्या डिस्कवर असेल, तर तो तिच्याबरोबरच जातो. नव्या यंत्रांत त्यासाठी लहानसे स्वतंत्र पार्टिशन असते. पुष्कळदा तेही एकाच डिस्कवर आढळते.

उपाय अवघड नाही. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून बंद यंत्र सुरू करावे. उरलेल्या डिस्कवरील महत्त्वाची माहिती आधी अन्यत्र उतरवून घ्यावी, दुरुस्ती त्यानंतर. मग जुळी व्यवस्था एका डिस्कवर चालू करून, ‘क्रूट’ या आज्ञेने मूळ प्रणालीत शिरावे आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. जुन्या यंत्रांत ती पार्टिशनला नव्हे, संपूर्ण डिस्कला उद्देशून असावी. पहिली डिस्क काढल्यावर ‘एसडीबी’ हीच ‘एसडीए’ होऊ शकते, म्हणून आकार व अनुक्रमांक पडताळल्याखेरीज आज्ञा देऊ नये.

‘एफएसटॅब’ या यादीत मृत डिस्कचा उल्लेख राहिला असेल, तर यंत्र सामान्यतः ९० सेकंद तिची वाट पाहते व आणीबाणीच्या अवस्थेत थांबते. ती ओळ काढावी किंवा तीत ‘नोफेल’ हा शब्द घालावा.

पुढे नवी डिस्क बसवून ती जुळ्या व्यवस्थेत आज्ञेने जोडली, की नोंदी तिच्यावर उतरतात. ग्रब मात्र उतरत नाही. तो तिच्यावरही त्याच दिवशी बसवावा.